दुधारी तलवारीला दुसरी धार कशासाठी?

एक फूटपट्टी घ्या. तलवार धरतात तशी मुठीत उभी धरा, पट्टीची एक कड समोर आणि दुसरी तुमच्या तोंडाकडे येईल अशी. समोरची ती पुढची धार, तुमच्याकडची ती मागची. आता उजव्या खांद्यावरून डावीकडे खाली एक तिरका वार करा आणि हात तिथेच थांबवा. लगेच दुसरा वार करायचा झाला तर? एकधारी तलवार असेल तर आधी हात वळवून धार वरच्या बाजूला आणावी लागेल. दुधारी असेल तर काहीच वळवायचं नाही. आला त्याच वाटेने हात परत वर उचलायचा, मागची धार जाता जाता कापत जाते.

फरक एवढाच, हाताच्या अर्ध्या फेऱ्याचा. पण समोर जिवावर उठलेला माणूस असेल तर तो अर्धा फेरा फार मोठा असतो.

बोलण्यात मात्र आपण ‘दुधारी शस्त्र’ म्हणतो ते धोक्याचा इशारा म्हणून: जपून, तुमच्यावरच उलटेल. हा अर्थ एकट्या मराठीत नाही. जपानी माणूस ‘मोरोहा नो त्सुरुगी’ म्हणतो, चिनी ‘श्वांगरेन ज्येन’ म्हणतो, आणि दोघांनाही हेच म्हणायचं असतं. ज्यांनी आयुष्यभर तलवार चालवली ते मात्र दुसऱ्या धारेला फायदाच मानत आले. चौदाव्या शतकातला जर्मन गुरू योहानेस लिख्टेनावर याच्या परंपरेत पुढच्या धारेला ‘लांब धार’ आणि मागच्या धारेला ‘आखूड धार’ म्हणत. लांबीला दोन्ही सारख्याच, फक्त नावं तशी. या परंपरेत ‘त्स्वेर्खहाउ’ नावाचा एक आडवा वार आहे. त्यात हात डोक्याच्या वर न्यायचे, पातं जमिनीला समांतर फिरवायचं आणि उजवीकडून वार करताना मागच्या धारेने समोरच्याचं डोकं गाठायचं. गंमत अशी, की त्याच क्षणी तुमच्या तलवारीची मूठ आणि परज तुमच्या डोक्यावर छत्रासारखी आलेली असते. वार आणि बचाव एकाच हालचालीत होतो. मागची धार नसेल तर हा डाव जमतच नाही.

म्हण अगदीच खोटी आहे असंही नाही. दोन पाती एकमेकांत अडकली आणि समोरचा जोरात भारी निघाला, तर तुमचीच मागची धार तुमच्या चेहऱ्याकडे ढकलली जाते. पण त्यात दोष कमी पडलेल्या जोराचा.

हिब्रू भाषेत तलवारीच्या धारेला ‘तोंड’ म्हणतात. तलवार माणसं खाते, म्हणून तिला तोंड. मग दुधारी तलवार म्हणजे दोन तोंडांची तलवार. बायबलच्या शास्ते या पुस्तकात एहूद नावाचा एक डावखुरा माणूस अशी दोन तोंडांची, हातभरापेक्षा आखूड तलवार बनवतो, कपड्याआड उजव्या मांडीला बांधतो आणि मवाबच्या राजाला भेटायला जातो. पहारेकऱ्यांची नजर साहजिकच डाव्या मांडीकडे जाणार. ग्रीक भाषेतही ‘दिस्टोमोस’, म्हणजे दोन तोंडांची, हाच शब्द आहे. या जुन्या वापरात स्वतःवर उलटण्याची गोष्ट कुठेच नाही. दोन तोंडांची म्हणजे दुप्पट भुकेली, बस.

मग प्रश्न असा, की दुसरी धार इतकी कामाची असेल तर जगातल्या सगळ्याच तलवारी दुधारी का नाहीत? याचं उत्तर पात्याच्या जाडीत आहे. इथे थोडा हिशेब करावा लागेल, पण शाळेतल्या भूमितीपुढे काही नाही.

समजा पातं ५ सेंटीमीटर रुंद आहे आणि जास्तीत जास्त ५ मिलिमीटर जाड. एकधारी पात्यात ही जाडी पाठीकडे असते आणि तिथून धारेपर्यंत अख्ख्या ५ सेंटीमीटरांत पातं निमुळतं होत जातं. म्हणजे सुमारे पावणेसहा अंशांची पाचर झाली. दुधारी पात्यात सर्वात जाड भाग मधोमध. तिथून प्रत्येक धारेपर्यंत अडीच सेंटीमीटरच उरतात. तेवढ्याच जाडीवरून निम्म्या अंतरात निमुळतं व्हायचं, म्हणून पाचर साडेअकरा अंशांच्या आसपास जाते. पाचर दुप्पट बोथट. हीच पाचर बारीक करायची तर पातं पातळ करावं लागतं आणि मग ते लवतं. थोडक्यात, दुसरी धार फुकट मिळत नाही. तिची किंमत पहिल्या धारेला आणि पात्याच्या कण्याला मोजावी लागते. पात्याच्या मधून जी उथळ पन्हळ जाते ना, ती याच हिशेबातली. कडकपणा फारसा न गमावता मधलं वजन काढून टाकायचा तो उपाय. रक्त वाहून जावं म्हणून ती असते, ही कुणीतरी कधीतरी ठोकून दिलेली थाप आहे.

ही किंमत मोजणं परवडतं का, हे धातू कुठला, तलवार पायी चालवायची की घोड्यावरून, आणि भोसकायचं की चिरायचं, यावर ठरतं. तलवारीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो असं मला वाटतं.

सुरुवात दुधारीनेच झाली. तुर्कस्तानात मलात्याजवळ अर्सलानतेपे इथे नऊ तलवारी सापडल्या, सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या, तांब्यात आर्सेनिक मिसळून ओतलेल्या. लांबी ४५ ते ६० सेंटीमीटर. तिघींच्या मुठीवर चांदीचं जडावकाम आहे. जगातल्या सर्वात जुन्या तलवारींत त्यांची गणना होते. त्यांच्यासारखीच एक तलवार व्हेनिसजवळच्या सॅन लाझारो बेटावर आर्मेनियन मठात मध्ययुगीन वस्तूंच्या कपाटात पडून होती. २०१७ मध्ये तिथे आलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीला ती ओळखीची वाटली आणि तपासणीत ती मध्ययुगाहून चार हजार वर्षं जुनी निघाली.

या तलवारी म्हणजे खरं तर लांबवलेले खंजीर. खंजीर भोसकायचं हत्यार, त्याचं टोक मधोमध असावं लागतं आणि दोन्ही बाजू सारख्या असल्या की ते सरळ आत जातं. शिवाय दोन अर्ध्या साच्यांत ओतकाम करायचं तर सारख्या बाजूंचं पातं सोयीचं. दुसरी धार इथे कुणी ठरवून घातलेली नाही, आकारासोबत आपसूक आली.

कांस्याची अडचण वेगळीच होती. ग्रीसमधल्या मायसीनी योद्ध्यांच्या सुरुवातीच्या तलवारी लांबलचक आणि सडपातळ, जवळजवळ मीटरभर. पण पातं मुठीला जोडलेलं असे ते आखूड, बारीक शेपटावर रिव्हेट मारून. सरळ भोसकलं तर ठीक, आडवा वार केला की जोड खिळखिळा. यावर तोडगा निघाला तो इसवी सन पूर्व १२०० च्या आसपास मध्य युरोपातून भूमध्य समुद्राकडे पसरलेल्या एका नव्या घडणीत. युलियस नाऊए या संशोधकाच्या नावावरून तिला ‘नाऊए दोन’ म्हणतात. पातं आणि मुठीचा गाभा एकाच ओतकामात, मूठ चांगली रुंद, धारा जवळजवळ समांतर. आता मुठीपासून तुटण्याची धास्ती न बाळगता वार करता येऊ लागला आणि दोन्ही धारा खऱ्या अर्थाने धारा झाल्या. हा नमुना इतका जमून गेला, की धातू बदलून लोखंड आलं तरी काही शतकं आकार तोच राहिला.

चीनमधल्या कारागिरांनी कांस्यातूनच जे साधलं ते मात्र थक्क करणारं आहे. कांस्यात कथिल वाढवलं की धातू कठीण होतो, पण ठिसूळही होतो. कमी केलं की चिवट, पण मऊ. धार कठीण हवी आणि कणा चिवट. म्हणून त्यांनी कणा कमी कथिलाचा ओतला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी जास्त कथिलाच्या धारा वेगळ्या ओतकामात चढवल्या. अशा पात्याचे दोन रंग डोळ्यांनाही दिसत. १९६५ मध्ये हुपेई प्रांतातल्या एका थडग्यात, लाकडी म्यानात अगदी घट्ट बसलेली ५५.७ सेंटीमीटरांची एक तलवार मिळाली. पात्यावर पक्ष्यांच्या आकाराच्या अक्षरांत लिहिलं होतं, की युए राज्याचा राजा गोउज्येन याने ही स्वतःच्या वापरासाठी करवून घेतली. म्हणजे अडीच हजार वर्षं जुनी. म्यानातून काढली तेव्हा तिला गंज नव्हता आणि धार शाबूत होती. तिच्याही धारेत कथिल जास्त आणि कण्यात तांबं जास्त. एवढ्या काळात जिला काही झालं नाही तिला १९९४ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात धक्का लागून ७ मिलिमीटरची चीर पडली. त्यानंतर तिला चीनबाहेर पाठवायचंच बंद झालं.

लोखंड आलं तेव्हा सगळं एकदम सुधारलं असं नाही. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो, की उत्तर इटलीत रोमनांशी लढणाऱ्या केल्टिक योद्ध्यांच्या तलवारी पहिल्याच वारात वाकत आणि त्यांना पायाखाली दाबून सरळ कराव्या लागत. पराभूताची थट्टा विजेत्याच्या बाजूने लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. सापडलेल्या केल्टिक तलवारी तपासल्या तेव्हा काही मऊ होत्या, काही उत्तम पोलादाच्या. रोमनांनी स्वतःची ‘ग्लॅडियस’ स्पेनकडच्या लोकांकडून उचलली. पातं साठेक सेंटीमीटरचं, दुधारी, टोक लांबट. एका हातात मोठी ढाल, शेजारी खांद्याला खांदा लावून दुसरा सैनिक. अशा गर्दीत हात फिरवायला जागा कुठली? ढालीच्या कडेने पुढे खुपसायचं. धार पुढची की मागची याला तिथे अर्थ नाही, टोक नीट आणि पातं सरळ हवं. पुढे घोडदळाची लांब ‘स्पाथा’ पायदळानेही घेतली आणि मध्ययुगातली युरोपी सरदारांची सरळ दुधारी तलवार तिच्याच वंशातली.

मग आला घोडा, आणि हिशेब फिरला.

धावत्या घोड्यावरून वार करताना एकच संधी मिळते. वार झाला की पुढच्या क्षणी तुम्ही दहा हात पुढे गेलेले असता. परतीच्या वाराला समोर कुणी उरतच नाही. म्हणजे जिच्यासाठी पात्याचा कणा पातळ केला ती मागची धार इथे बिनकामाची. त्यापेक्षा पाठ जाड ठेवा, धार एकच पण बारीक पाचरीची करा, आणि पातं जरा वाकवा, म्हणजे ते अडकून न बसता चिरत सरकेल. चीनमध्ये हान काळात हे घडलं. सरळ दुधारी ‘ज्येन’ मागे पडली आणि मुठीच्या टोकाला कडं असलेली, अजून सरळच पण एकधारी ‘दाओ’ सैन्यात आली. दाओ बनवायलाही सोपी, मोठ्या फौजेला ते महत्त्वाचं. इस्लामी जगातही सुरुवातीच्या तलवारी सरळ आणि दुधारीच होत्या. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात त्या पाहता येतात. स्तेप म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतल्या तुर्की घोडेस्वारांबरोबर वक्र समशेर आली आणि हळूहळू तीच रूढ झाली.

जपानी कारागिरांकडे एकधारी पात्याचं आणखी एक कारण होतं. पात्याला मातीचा लेप द्यायचा, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवायचं. धार झटकन थंड होऊन कठीण होते आणि किंचित प्रसरण पावते. पाठ सावकाश निवते, मऊ राहते. या ओढाताणीत पातं पाठीकडे वाकतं. काताना या जपानी तलवारीचा तो प्रसिद्ध बाक बराचसा इथेच येतो. दुधारी पात्यात दोन्ही कडांना हाच खेळ सारखाच साधावा लागतो. एका बाजूला जरा कमीजास्त झालं की पातं वाकडं आणि मेहनत पाण्यात.

तरी दुसरी धार साफ नाहीशी झाली नाही, टोकाशी सरकली. तुर्की ‘किलिच’चं पातं टोकाकडे रुंद होतं आणि तेवढ्याच भागात पाठीलाही धार असते. जपानच्या ‘कोगारासु मारू’ या प्रसिद्ध तलवारीचा पुढचा अर्धा भाग दुधारी आहे, मागचा एकधारी. ज्याला भोसकायची सोयही हवी त्याने अशी मधली वाट काढली.

भारतातला खांडा याहून वेगळा. सरळ, दुधारी, पण टोकाकडे निमुळता न होता रुंद होत जाणारा आणि टोक बरेचदा बोथट. म्हणजे भोसकण्याचा विचारच सोडून दिलेला, सगळं वजन वाराच्या ठिकाणी. बऱ्याच खांड्यांच्या एका धारेवर मुठीपासून बरंच वरपर्यंत धातूची पट्टी चढवलेली असते. पातळ पात्याला कणा नाही, तो बाहेरून लावला. त्यामुळे पट्टी असलेल्या बाजूची धार टोकाजवळच्या थोड्या भागापुरती उरते. नावाला दुधारी, कामाला दीड धारी म्हणा हवं तर.

दांडपट्ट्यात मात्र दुसऱ्या धारेने आपली किंमत पुरेपूर वसूल केली आहे. सुरुवातीची फूटपट्टी आठवा. तिथे हात वळवायचा अर्धा फेरा वाचवायचा होता. दांडपट्ट्यात कोपरापर्यंत लोखंडी खोबण, आत आडवा दांडा मुठीत धरायचा, आणि लांब लवचीक पातं थेट हाताच्या रेषेत. मनगट जवळजवळ कैदेत असतं. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, हात उजवीकडून डावीकडे जातो आणि तसाच परत येतो. जाताना एक धार, येताना दुसरी. एकधारी पातं लावलं असतं तर निम्म्या फेऱ्या हवेत गेल्या असत्या.

या पट्ट्यांची पाती बरेचदा युरोपातून आलेली असत. मराठ्यांच्या काळात परदेशी पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत, फिरंग्यांकडून आली म्हणून. पातं परदेशी, मूठ घरची. सहाराच्या दक्षिणेलाही हेच. तुआरेग लोकांची ‘ताकोबा’ आणि सुदानमधली ‘कास्कारा’ या सरळ दुधारी तलवारी, आणि त्यांत जर्मनीतल्या झोलिंगेनची कितीतरी पाती गेली. झोलिंगेन आणि पासाउच्या कारागिरांचा ‘धावता लांडगा’ हा शिक्का इतका मान्य होता, की स्थानिक लोहार स्वतःच्या पात्यांवर त्याची नक्कल कोरत. नकली ब्रँडचा हा धंदा फार जुना आहे. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या, बहुतेक ऱ्हाइन नदीच्या परिसरात बनलेल्या सुमारे १७० तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव जडवलेलं सापडतं. तपासणीत काहींचं पोलाद त्या काळी युरोपात दुर्मीळ असलेल्या दर्जाचं निघालं, काहींचं अगदीच सुमार. सुमार मालावर नावाचं स्पेलिंगही बरेचदा चुकलेलं.

सुदानच्या घोडेस्वारांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सरळ दुधारी कास्काराच वापरली, म्हणजे ‘घोडा आला की बाक आला’ हा माझा वरचा नियम सरसकट नाही. २ सप्टेंबर १८९८ ला ओमदुर्मानच्या लढाईत या तलवारी मॅक्सिम मशीनगनपुढे उभ्या राहिल्या. पुढे काय झालं ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे सारखी दिसते. दुधारी तलवार रणांगणातून निवृत्त झाली की देवळात, दरबारात किंवा ध्वजावर जाऊन बसते. सैन्याने दाओ घेतली तरी चीनमध्ये विद्वानाच्या कमरेला ज्येनच राहिली, आणि ताओपंथी पुरोहिताच्या हातातही तीच. जपानी सामुराई वक्र तलवार लावायचे, पण देवळातल्या फुदो म्योओ या बौद्ध देवतेच्या हातात सरळ दुधारी ‘केन’. बौद्ध परंपरेत मंजुश्रीची ज्ञानाची तलवार दुधारीच. १६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात गुरू गोबिंदसिंगांनी लोखंडी बाट्यातलं पाणी पतासे घालून ढवळलं ते खांड्याने. ‘खंडे दी पाहुल’ हे त्या दीक्षेचं नाव, आणि शीख चिन्हाच्या मधोमध आजही खांडाच आहे, त्याच्या दोन बाजूंना वक्र, एकधारी कृपाणी. मधला मान कुणाचा ते चित्रच सांगतं.

युरोपात राजदंडाशेजारी तलवार आली. ६ मे २०२३ ला लंडनमध्ये राज्याभिषेकात एका महिला मंत्र्याने सतराव्या शतकातली राजतलवार बराच वेळ दोन्ही हातांनी उभी धरली, त्याची मोठी चर्चा झाली. ती तलवार सुमारे ३.६ किलोची. लढाईतली दोन हातांची लांब तलवार साधारण सव्वा ते दीड किलोच असायची. मध्ययुगातल्या तलवारी दहा-दहा किलोंच्या असत हा समज संग्रहालयांतल्या अशा मिरवायच्या तलवारी पाहूनच पसरला असावा. जी चालवायची नाही तिचं वजन कितीही ठेवा.

आणि या सगळ्यांत मानाने सर्वात वरची म्हणावी अशी तलवार कुणाला पाहताच येत नाही. जपानच्या सम्राटपदाच्या तीन राजचिन्हांपैकी एक, ‘कुसानागी नो त्सुरुगी’, नागोयाच्या आत्सुता मंदिरात आहे असं मानतात. १ मे २०१९ ला नवे सम्राट नारुहितो यांच्यापुढे जी ठेवली गेली ती राजवाड्यातली प्रतिकृती, तीही पूर्ण झाकलेली. मूळ तलवार पुजाऱ्यांच्याही नजरेपासून दूर ठेवलेली आहे. त्सुरुगी म्हणजे सरळ, दुधारी. तिला दोन धारा आहेत, हे सध्या तरी नावावरूनच मानायचं.